हजेरीबुकात नसलेली तीन वर्षं

मागे जी घरघर ऐकू येतेय ती आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या मोटारींची आहे. बोदवडला घरच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड करतोय आणि आज नळाला पाणी आलंय. बोदवडचं पाणी किती दिवसांनी येतं हे ज्यांना माहितेय ते मला मोटार बंद करायला सांगणार नाहीत.

गेल्या महिन्यात दोन पोरांनी मला जवळजवळ सारखाच मेसेज केला. एक मलकापूरचा, एक आपल्या जामठीचा. "दादा, एजंट म्हणतो अनुभवाचं पत्र आम्हीच बनवून देतो, तारखा जरा ॲडजस्ट करू. चालेल का?" मी उत्तर टाइप करायला घेतलं, चार वेळा खोडलं. दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाहीच. माझा ऑस्ट्रेलियाचा कामाचा व्हिसा अशाच एका पत्रावरून रद्द झाला होता. तो परत मिळवायला चौदा महिने गेले. आज तेच सांगतो, नीट, पहिल्यापासून.

मी आयटीआय केलं भुसावळला, डिझेल मेकॅनिक. २०१३ च्या ऑगस्टमध्ये हायवेवरच्या एका ट्रक गॅरेजात लागलो. गॅरेजचं नाव घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. रोज बोदवडहून पॅसेंजर पकडायची, भुसावळला उतरायचं, तिथून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून गॅरेज. पहिले आठ महिने मी हेल्पर होतो. पाने पुसायचे, जॅक लावायचा, उस्तादाच्या हातात मागेल तो पाना द्यायचा. एप्रिल २०१४ पासून उस्तादाने मला स्वतंत्र काम द्यायला सुरुवात केली. क्लच प्लेट, मग गिअरबॉक्स, मग पूर्ण इंजिन. जुलै २०१६ पर्यंत तिथे होतो.

पगार रोख. पाकीटसुद्धा नाही, शेठ खिशातून काढून मोजून द्यायचे. हजेरीबुकात माझं नाव नव्हतं. आमच्यात चोवीस माणसं होती आणि बुकात पंधरा. तेव्हा कारण कळलं नाही, विचारायची अक्कलही नव्हती. नंतर कळलं की वीस माणसं झाली की पीएफचा कायदा लागू होतो. म्हणून आम्ही नऊ जण रोज कामावर असूनही कागदावर नव्हतोच.

पुढे नाशिकला मोठ्या कंपनीच्या ट्रक डीलरच्या वर्कशॉपला लागलो, तिथे पीएफ, पगार बँकेत, सगळं रीतसर. दोन वर्षं तिथे. २०१८ मध्ये मेलबर्नजवळ डँडेनाँगच्या एका ट्रक वर्कशॉपने मला घ्यायचं ठरवलं. व्हिसा सबक्लास ४८२. हा प्रकार त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाला होता. त्याला त्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागायचा.

आता इथे नीट ऐका, कारण सगळं रामायण इथून सुरू होतं.

एजंटने भुसावळच्या गॅरेजच्या लेटरहेडवर पत्र टाइप केलं. त्यात लिहिलं, ऑगस्ट २०१३ ते जुलै २०१६, पूर्णवेळ डिझेल मेकॅनिक. मी म्हणालो, साहेब, पहिले आठ महिने मी हेल्पर होतो. आणि २०१५ मध्ये दिवाळीच्या आगेमागे दोन महिने मी कामावर नव्हतोच. आबांना अर्धांगाचा झटका आला होता, कापूस वेचणीला आलेला, घरी माणूस नव्हता. एजंट म्हणाला, "गॅप दिसला की ऑफिसर शंका घेतो. सरळ तीन वर्षं लिहू." मी पेढे घेऊन शेठकडे गेलो, शेठनी न वाचता सही केली. मग ऑनलाइन फॉर्मही एजंटनेच भरला. मीही न वाचता हो म्हणालो. न वाचणारे आम्ही दोघं, आणि लिहिणारा तिसराच.

हिशोब करा. एप्रिल २०१४ ते जुलै २०१६ म्हणजे २८ महिने, त्यातून दोन वजा, २६. वर नाशिकची दोन वर्षं. लागत होते २४ महिने. म्हणजे खरं लिहिलं असतं तरी व्हिसा मिळाला असता! ही गोष्ट मला दोन वर्षांनी, मेलबर्नच्या एका वकीलबाईंनी कागदावर आकडेमोड करून दाखवली. मला रडू की हसू कळेना.

नोव्हेंबर २०१९. रात्री कामावरून येतो तर ईमेल. व्हिसा रद्द करण्याचा विचार आहे, अशी नोटीस. त्यात लिहिलेलं की गॅरेजच्या नंबरवर फोन करून चौकशी केली, तिथून सांगण्यात आलं की या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हता. म्हणून दोन आरोप. एक, फॉर्ममधलं नोकरीबद्दलचं उत्तर चुकीचं. दुसरा, जोडलेलं पत्र बनावट. तिथल्या मायग्रेशन कायद्यात, १९५८ चा आहे तो, कलम १०१ आणि १०३ मध्ये हे येतं. आणि कलम १०९ खाली व्हिसा रद्द होऊ शकतो. उत्तर द्यायला चौदा दिवस.

मी काय केलं? शेठला फोन लावला, उचलला नाही. दहा वेळा लावला. मग रागारागात इंग्रजीत दोन परिच्छेद लिहून पाठवले. मी प्रामाणिक आहे, पत्र शंभर टक्के खरं आहे, पुन्हा फोन करून बघा, आईवडिलांची शपथ घेऊन सांगतो. खरंच, शपथ लिहिली होती मी. सोबत एकही कागद नाही. आणि पत्र शंभर टक्के खरं नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणजे बनावट पत्राच्या आरोपाला उत्तर देताना मी स्वतःहून आणखी एक खोटं जोडलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये व्हिसा रद्द झाला.

अपिलाला तेव्हा मुदत होती सात कामाचे दिवस. आणि ईमेल ज्या दिवशी पाठवली त्याच दिवशी तुम्हाला मिळाली असं कायदा धरतो, तुम्ही उघडा नाहीतर नका उघडू. माझी शुक्रवारी आली होती, मी उघडली सोमवारी. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनल, सगळे एएटी म्हणायचे, तिथे अर्ज केला. फी अठराशे डॉलरच्या आसपास. जिंकलात तर अर्धी परत मिळते. (आता एएटी नाही. १४ ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या जागी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आलंय आणि मुदतीही बदलल्यात. तुमच्या पत्रावर जी तारीख असेल ती धरायची, यूट्यूबवर कुणी सांगितली ती नाही.)

व्हिसा गेला की त्या देशात राहण्याचा हक्कच जातो. म्हणून ब्रिजिंग व्हिसा घ्यावा लागतो. सुरुवातीला त्यावर काम करायची परवानगी नव्हती. पैशांची अडचण कागदांनी दाखवून ती वेगळी मागावी लागली. मधले महिने दोन मित्रांनी भाडं भरलं. बोदवडला मी पैसे पाठवायचे, ते दादाने मला पाठवले. मग मार्चमध्ये कोरोना. सीमा बंद. आणि तसंही, त्या व्हिसावर देश सोडला तर परत येता येत नाही. आबा सप्टेंबरात गेले. मेलबर्नला तेव्हा कडक लॉकडाऊन होता. मी मोबाइलवर बघितलं. त्याबद्दल आज इतकंच.

वकीलबाईंकडे वळतो. एका मोफत कायदा केंद्रात त्यांची भेट फोनवर झाली. मला वाटलं त्या विचारतील, तू निर्दोष आहेस ना? त्यांनी पत्र समोर ठेवायला लावलं आणि म्हणाल्या, यातलं एकेक वाक्य वाच आणि सांग, खरं की खोटं. मी म्हणालो, सगळं साधारण खरंच आहे. त्या म्हणाल्या, साधारण हा शब्द आपण आज वापरायचा नाही. मग वाक्यावाक्याने बसलो. जागा खरी. शेवटची तारीख खरी. सही खरी. सुरुवातीची तारीख खरी, पण पद खोटं. "अखंड सेवा" खोटं. एका पानाच्या पत्रात दोन गोष्टी खोट्या निघाल्या.

त्यांनी मला कायद्यातल्या दोन गोष्टी समजावल्या, ज्या मला आधी कुणी सांगायला हव्या होत्या. तुमचा फॉर्म दुसऱ्याने भरला तरी तो तुम्हीच भरला असं धरतात. आणि उत्तर चुकीचं आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, तरी ते चुकीचंच ठरतं. म्हणजे "एजंटने केलं" हे वाक्य दोन्हीकडून बंद. पण एक दार उघडं असतं. चूक झाली म्हणून व्हिसा आपोआप रद्द होत नाही. कलम १०९ खाली रद्द करायचा की नाही याचा विचार करावा लागतो, आणि त्यात काय काय बघायचं ते नियमांत लिहिलंय. खरी माहिती काय होती? चुकीच्या माहितीमुळेच व्हिसा मिळाला का? चूक कोणत्या परिस्थितीत झाली? नंतर माणूस कसा वागला? किती काळ लोटला?

म्हणून आमची लढाई बदलली. "मी काहीच चुकलो नाही" हे सोडून दिलं. आता सिद्ध करायचं होतं की मी तिथे खरंच काम केलं, आणि खरी माहिती दिली असती तरी व्हिसा मिळाला असता. आणि चुकीची उत्तरं कळवायचा तिथे एक फॉर्म असतो, १०२३ नंबरचा. हा मी २०१८ मध्येच भरला असता तर ही वेळच आली नसती. मला तो आहे हेच माहीत नव्हतं.

पुरावे कुठून आणायचे? शेठनी तर हात वर केलेले. दादा लॉकडाऊन उठल्यावर दोनदा गॅरेजवर गेला. शेठ म्हणाले, बघू. तिसऱ्यांदा भेटलेच नाहीत.

पुरावे निघाले मायच्या बिस्किटाच्या डब्यात. माझी माय कागद फेकत नाही. लाइटबिलं, लग्नपत्रिका, खतांच्या पावत्या, सगळं. त्यात माझे रेल्वेचे मासिक पास होते, बोदवड ते भुसावळ. प्रत्येकावर तारीख आणि माझ्या फोटोच्या ओळखपत्राचा नंबर, आणि ते ओळखपत्रही डब्यातच. दादाने मोजले, २९ निघाले. व्हॉट्सअपवर एकेकाचा फोटो.

मी तारखेप्रमाणे लावले तर २०१५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पास नव्हते. अर्थात नव्हते, मी कापसात होतो. मी वकीलबाईंना म्हणालो, हे आधीचे आणि नंतरचे देऊ, मधला खड्डा दिसणार नाही असं लावू. त्या फोनवर बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तू आपल्या अर्जात लिहिलंयस की हे दोन महिने तू कामावर नव्हतास. पासही तेच सांगतायत. मग तू लपवतोयस काय? सवय हो, दुसरं काय. खड्डा दिसला की झाकायचा, ही आपली सवय. आम्ही २९ पास खड्ड्यासकट दिले.

भुसावळच्या स्पेअरपार्टच्या दुकानदाराने जुन्या चलनांचे गठ्ठे काढून दिले. माल घेतला म्हणून खाली माझी सही, त्यावर गॅरेजचं नाव. देव त्याचं भलं करो, पावसाने भिजलेले गठ्ठे होते. फेसबुकवर २०१४ चा एक फोटो होता, मी उघड्या इंजिनावर वाकलोय आणि मागे गॅरेजची पाटी. आणि उस्ताद. उस्ताद तोवर गॅरेज सोडून घरी बसले होते. दादासोबत नोटरीकडे गेले आणि प्रतिज्ञापत्र दिलं, की हा पोरगा माझ्या हाताखाली होता, इतके महिने हेल्पर, मग मेकॅनिक. त्यांनी मेकॅनिक झाल्याचा महिना सांगितला तो माझ्याशी जुळला. आम्ही दोघं तोवर बोललोसुद्धा नव्हतो.

सुनावणी मार्च २०२१ मध्ये, फोनवर. मराठी दुभाषी दिला होता, त्याचे पैसे पडत नाहीत. समोर ट्रिब्युनलचा एक सदस्य, काळा कोट नाही, आरडाओरड नाही. ते सगळं पहिल्यापासून बघतात, आधीच्या निर्णयाची फक्त चूक शोधत नाहीत. दीड तास प्रश्न. शेठ किती पगार द्यायचे? कोण द्यायचं? इंजिन उतरवायला किती माणसं? दुपारी कुठे जेवायचा?

एका ठिकाणी गाडी घसरली. मी म्हणालो, सुरुवातीला मी उस्तादाकडे शिकत होतो. दुभाषाने भाषांतर केलं, मी एका शिक्षकाकडे विद्यार्थी होतो. लगेच पुढचा प्रश्न, म्हणजे ते प्रशिक्षण केंद्र होतं का? नोकरी नव्हती? माझ्या पोटात गोळा आला. दुभाष्यांची चूक म्हणता येणार नाही, उस्ताद म्हणजे शिक्षकच की. पण ट्रकच्या गॅरेजात उस्ताद म्हणजे काय, हे गॅरेजात पाने पुसल्याशिवाय कसं कळणार? मी थांबवलं आणि माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, उस्ताद म्हणजे हेड मेकॅनिक, आणि मला रोजचे पैसे मिळायचे. इंग्रजी समजत असेल तर दुभाष्याचं ऐकत राहा रे. आणि भाषांतर चुकतंय वाटलं तर तिथल्या तिथे सांगा, नंतर नाही.

शेवटी सदस्यांनी विचारलं, पहिल्या उत्तरात तुम्ही पत्र शंभर टक्के खरं आहे असं का लिहिलंत? मी म्हणालो, घाबरलो होतो. त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

निर्णय पाच आठवड्यांनी आला. त्यात मी चुकीचं उत्तर दिलं होतं हे त्यांनी मान्य केलं, स्पष्ट शब्दांत. माझ्या बाजूने निकाल लागला तरी ते वाक्य कागदावर राहणार आहे. पत्र बनावट नाही, कारण सही आणि जागा खरी. आणि खऱ्या माहितीवरही व्हिसा मिळालाच असता, म्हणून रद्द करण्याचा निर्णय बाजूला ठेवला. नाहीतर व्हिसा जाणं वेगळंच, पुढे तीन वर्षं तिथल्या बहुतेक तात्पुरत्या व्हिसांची वाट बंद होते.

हे फक्त ऑस्ट्रेलियाचं नाही. कॅनडात चुकीची माहिती धरली गेली तर पाच वर्षं बंदी, पण त्याआधी उत्तर मागणारं पत्र येतं. ब्रिटनमध्ये कमाईच्या आकड्यांवरून अनेक कुशल कामगारांना अप्रामाणिक ठरवलं गेलं होतं. २०१९ मध्ये बालाजीगरी खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की माणसाला अप्रामाणिक म्हणण्याआधी त्याला संशय सांगा, उत्तर द्यायची संधी द्या. त्याच देशात पठाण नावाच्या भारतीयाची गोष्ट आहे. मार्च २०१६ मध्ये त्याच्या कंपनीचा परवाना गेला, त्याला कुणी कळवलं नाही, जूनमध्ये अर्ज फेटाळल्यावर कळलं. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये म्हटलं की हे न कळवणं अन्यायाचं होतं. म्हणजे बहुतेक ठिकाणी तुम्हाला बोलायची एक खिडकी मिळते. माझी खिडकी चौदा दिवसांची होती आणि मी ती शपथा घेण्यात घालवली.

जामठीच्या भावा, मलकापूरच्या भावा, आता तुमच्याशी. आत्ता जिथे कामाला असाल तिथलं जमवायला सुरुवात करा. पीएफ असेल तर यूएएनचं पासबुक उतरवून घ्या आणि रुजू झाल्याची, सोडल्याची तारीख बरोबर आहे का बघा, सोडल्याची तारीख बरेचदा टाकलेलीच नसते. पगार रोख मिळत असेल तर निदान त्यातला काही भाग त्याच दिवशी बँकेत भरा. मालकाला नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात ते देणं बंधनकारक आहे. शेठ देतील की नाही मला माहीत नाही, पण मागायला आता कायद्याचं नाव आहे. हेल्पर असाल तर हेल्परच लिहा. गॅप असेल तर गॅप लिहा आणि कारण लिहा, घरचा माणूस आजारी होता यात लाजण्यासारखं काय आहे? आणि फॉर्म पाठवण्याआधी स्वतः वाचा, इंग्रजी येत नसेल तर गावातल्या मास्तरांकडून वाचून घ्या, पण वाचा. ऑस्ट्रेलियाचा एजंट असेल तर त्याचा तिथला नोंदणी नंबर मागा, सरकारी साइटवर शोधता येतो. माझ्या एजंटकडे तो नव्हताच.

शेठचं राहिलं. परवा शनिवारी शिरसाळ्याला मारुतीच्या दर्शनाला गेलो होतो, तर शेठ भेटले. थकलेत आता. मला बघून आधी दुसरीकडे बघितलं, मग स्वतःच आले. म्हणाले, "भो, तो फोन पोराने उचलला होता. तो तेव्हा शिकायला बाहेरगावी होता, तुला ओळखतच नव्हता. मागाहून मला विचारलं तर मला वाटलं पीएफवाले खडे टाकून बघताहेत. म्हणून मी गप्प बसलो." मी विचारलं, मग दादा तीनदा आला तेव्हा? ते काही बोलले नाहीत. प्रसादाचा नारळ फोडून त्यातला अर्धा माझ्या हातात दिला. मी घेतला. घरी आल्यावर मायने विचारलं, कुणी दिला? मी सांगितलं. तिने तो तसाच ओट्यावर ठेवलाय, अजून कुणी खाल्ला नाही.

चला, मोटारी बंद झाल्या, म्हणजे पाणी गेलं. तुमच्या नोटिशीचे फोटो मला पाठवू नका, मी वकील नाही. पण पास, चलनं, जुने फोटो कसे लावायचे हे विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नक्की ऐकेन.